एकोणीस उड्या

माझ्या थोरल्या जाऊबाईंना तुम्ही काहीही म्हणा. हट्टी म्हणा, विसरभोळ्या म्हणा, दुधाखाली गॅस लावून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या म्हणा. त्या ऐकून घेतील आणि वर हसतील. पण त्यांच्या हातच्या सोल्डरच्या जोडाला कच्चा म्हणू नका. एका चांगल्या शिकलेल्या माणसानं एकदा म्हटलं, तेही लेखी, आणि त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते मी सांगते आहे. मी धाकटी जाऊ. शिवणकाम करते. मोजूनमापून बोलायची मला सवय आहे असं माझं मत आहे. घरात ते दुसऱ्या कुणाचं नाही.

जाऊबाई वयाच्या एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागल्या. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानात घालायची यंत्रं तिथं बनायची. भुईमुगाच्या दाण्याएवढ्या डबीत सात-आठ तारा, आणि प्रत्येक तारेचं टोक वितळलेल्या सोल्डरनं जिथल्या तिथं चिकटवायचं. जोड करणाऱ्या बायकांनीच शेवटी ते यंत्र स्वतःच्या कानात घालून तपासायचं, असा तिथला शिरस्ता होता. आपलं पाप आपल्याच कानात. त्यामुळे झालं काय, की यांना डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विश्वास. पुढं कारखाना बंद पडला आणि त्या एका संशोधन संस्थेच्या यंत्रशाळेत आल्या. तिथं शास्त्रज्ञ कागदावर सर्किट काढून देतात आणि या ते जोडून देतात. कारखाना सुटला, पण खोड सुटली नाही. पर्समध्ये कायम एक इयरफोन, त्याच्या तारेच्या टोकाला दोन चिमटे. आमचा फ्रिज, जिन्यातला दिवा, माझ्या शिलाई मशीनची मोटर, सगळ्यांना यांचे चिमटे लागलेत. माझ्या मोटरचे कार्बन झिजलेत हे त्यांनी मला कानानं सांगितलं होतं. मी खोटं पाडायला दुकानात गेले आणि कार्बन बदलून परत आले.

गेल्या वर्षी यंत्रशाळेत एक नवीन काम आलं. संस्थेतले एक सर मेंदूच्या पेशींचा अभ्यास करतात. खऱ्या पेशींचा नव्हे. पेशी कशी वागते त्याचं गणित मांडायचं, आणि त्या गणिताप्रमाणे वागणारं सर्किट बनवून त्याच्याकडे बघत बसायचं. मेंदूतली पेशी म्हणे ठोका देते, दम खाते, पुन्हा ठोका देते. जाऊबाईंनी सरांना एका बोर्डवर अशा दोन नकली पेशी बनवून दिल्या, आणि दोघींच्या मध्ये एक जोडणी अशी, की एकीनं डोकं वर काढलं की दुसरीनं खाली घालावं.

"म्हणजे कसं हो?" मी विचारलं होतं.

"म्हणजे तू आणि मी," जाऊबाई म्हणाल्या. "तुझं तोंड चालू असतं तेव्हा मी गप्प असते. माझं सुरू झालं की तू खाली मान घालून टाके घालतेस. म्हणून हे घर चाललंय."

दोघींचे ठोके एकत्र करून सरांच्या पडद्यावर एक रेघ धावायची. बारीक, सारखी, वरखाली. मी काजं-बटणं करते तेव्हा मशीन टाका घालतं तशी. एकीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली. तासन् तास हेच. आणि मग कधीतरी, पंधरा दिवसांनी, महिन्यानं, ती रेघ अचानक उडी मारायची. नेहमीच्या दुप्पट-अडीचपट उंच. एकदाच. झालं.

सर म्हणाले, कच्चा जोड. तार क्षणभर सुटते, पुन्हा टेकते, त्याची ही उडी. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, कच्च्या जोडानं असं होतं. म्हणून त्यांनी भिंतीवर कागद लावला: उडी आल्यास बोर्ड तत्काळ बंद करून यंत्रशाळेत पाठवणे. शिवाय कॉम्प्युटरला सांगून ठेवलं, की ठरलेल्या उंचीच्या वर काही दिसलं तर ते पुसून टाकायचं, नाहीतर सरासरी बिघडते. मी शिवण झाल्यावर लोंबणारे दोरे कापते, तसं ते उड्या कापत होते.

अकरा महिन्यांत एकोणीस वेळा बोर्ड खाली आला. एकोणीस वेळा जाऊबाईंनी डोळ्याला भिंग लावून जोड तपासले, नियम होता म्हणून सगळे पुन्हा केले, आणि वहीत तारीख-वेळ लिहून बोर्ड वर पाठवला.

मग पत्र आलं. यंत्रशाळा महिनाअखेर बंद. यापुढं तेच सर्किट बाहेरून, मशीननं जोडलेलं तयार मागवायचं. जाऊबाईंनी निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं भांडारात बसायचं, स्क्रू आणि वायसर द्यायचे-घ्यायचे. कारण एका ओळीत दिलं होतं: जोडकामातील वारंवार दोष. खाली सरांची सही.

त्यांनी ते पत्र माझ्यापुढं ठेवलं. मी वाचलं, आणि आता सांगायला लाज वाटते, पण मी जे बोलले ते असं: "अहो, वय होतंच की जाऊबाई. मलासुद्धा हल्ली सुईत दोरा ओवायला दोनदा चष्मा पुसावा लागतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. कापड घ्यायला गेलं आणि दुकानदारानं खाली लपवलेलं भोक आपल्याला दिसलं, की आपण त्याच्याकडे बघतो तसं. पत्राची घडी घातली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "धाकटे, तुझं कापायचं टेबल मला बारा दिवस पाहिजे."

"माझ्यापुढं चाळीस कोट पडलेत. दवाखान्याचे. पांढरे."

"जमिनीवर काप. बोर्ड घरी आणायची परवानगी काढलीय, रजाही टाकलीय. उडी आली तरी बंद करणार नाही मी. तिथं उडी आली की बंद, उडी आली की बंद. त्या रेघेला पुढं काय करायचं असतं ते कुणी बघितलंच नाही."

"आणि त्यातून निघणार काय?"

"जोड कच्चा असेल तर कच्चा निघेल. नसेल तर सरांकडून तसं लिहून घेईन. भांडारात बसायला मला कमीपणा नाही. पण हे नाव घेऊन नाही बसणार."

मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. मोठ्यानं म्हटलं नाही, एवढीच माझी पुण्याई.

टेबलावर बोर्ड आला, शेजारी रेघ दाखवणारा जुना छोटा पडदा आला, आणि पहिल्याच तासाला फर्मान सुटलं: शिलाई मशीनची मोटर बंद. मोटरच्या ठिणग्या बोर्डात शिरल्या तर सर म्हणतील ही तर मशीनची उडी. मी माळ्यावरून जुनं पायाचं मशीन काढलं आणि चाळीस कोट पायानं मारले. या सगळ्या प्रकरणात माझ्या गुडघ्यांचा उल्लेख कुणी कुठं लेखी केलेला नाही, म्हणून इथं करून ठेवते.

पहिले दोन दिवस त्यांनी त्या बोर्डचा नुसता छळ मांडला. लाकडी पेन्सिलीनं एकेका जोडावर टकटक. केस वाळवायच्या यंत्रानं गरम करून बघितला, पिशवीत बर्फ घालून गार करून बघितला, दोन कडा धरून हलकेच वाकवून बघितला. रेघ जशीच्या तशी.

"कच्चा जोड असतो ना, तो छेडला की बोलतो," त्या म्हणाल्या. "खरखर करतो, तुटतो, परत लागतो. हा बोलत नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आम्ही दोघी टेबलापासून चांगल्या चार हातांवर असताना उडी आली. मी डोळ्यांनी बघितली. रेघ सरळ पडद्याच्या वरच्या काठाबाहेर गेली. माझा पाय मशीनवर थांबला. जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. रेघ खाली आली, दोन-चार वेळा वेडीवाकडी झाली आणि पुन्हा आपल्या बारीक टाक्याला लागली, काही झालंच नाही अशी.

"बघितलंस? आपली आपण ताळ्यावर आली. कच्चा जोड असा आपला आपण पक्का होतो का?"

मी शिवणकाम करते. उसवलेली शिवण आपली आपण शिवली जात नाही, एवढं मला कळतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की म्हातारी खरं बोलत असेल.

मग पर्समधून इयरफोन निघाला. दुसरा त्यांनी ड्रॉवरमधून काढला. डाव्या कानात एक पेशी, उजव्या कानात दुसरी. टक, टुक. टक, टुक. कानांत बोळे घातल्यासारख्या त्या दिवसभर खुर्चीत बसायच्या आणि माझे कोट हातशिलाईनं दुमडून द्यायच्या. मी वेळ लिहायची. मापं काढायचा खाकी कागद घेतला, खडूनं रकाने आखले, आणि उडी आली की घड्याळ बघून मांडली. जेवायला उठल्या तर माझ्या कानांत घालून जायच्या. मला नुसतं टकटुक ऐकू यायचं, आणि झोप यायची.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी एकदम हात वर केला.

"धाकटे, पडदा बघ."

मी वळले. रेघ साधी होती. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ती उडाली.

मी शकुन-अपशकुन मानणारी बाई नाही, पण त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली. "तुम्हाला कसं कळलं?"

"ठोके जवळ आले." त्यांनी इयरफोन काढले आणि टेबलावर दोन बोटांनी वाजवून दाखवलं. "एरवी अशा चालतात, एकमेकींना चुकवून. आत्ता दोघींमधलं अंतर कमी कमी होत गेलं. टकटुक, टक्टुक, मग एकच ठोका. दोघी एका पावलावर आल्या, आणि मग उडी."

मला समजेना. एकमेकींना दाबणाऱ्या दोघी एकत्र आल्या तर उलट बसूनच जायला पाहिजेत की नाही?

"नाही गं. एक वर आणि एक खाली असते तेव्हाच ती जोडणी ओढते. दोघी सारख्याच उंचीवर असतील तर ओढणार कुणाला? मधली जोडणी असून नसल्यासारखी. मग दोघींना अडवणारं कुणी नाही, दोघी पूर्ण ताकदीनं उठतात, आणि पडद्यावर दोघींची बेरीज दिसते. आठव, आपण दोघी एकदमच भडकलो असं किती वेळा झालंय?"

तेवीस वर्षांत तीनदा. तिन्ही वेळा घरातली बाकीची माणसं चपला घालून फिरायला निघून गेली होती. मला एकदम सगळं कळलं. उडी येते ती कुठलाही जोड सुटला म्हणून नव्हे, दोघींचं स्वतःचं वागणंच तसं होतं म्हणून.

पण जाऊबाई एवढ्यावर खूश होणाऱ्यातल्या नाहीत. ठोके जवळ आले की दर वेळी त्या हात वर करायच्या आणि मी ते मांडायची, उडी येवो न येवो. पुष्कळदा दोघी अगदी जवळ यायच्या आणि पुन्हा फाकायच्या. बारा दिवसांत हात वर झाला एकतीस वेळा. उड्या आल्या सात. संस्थेत नजरेला पडायची तेवढीच धरली जायची, बाकीच्या कॉम्प्युटर पुसायचा. हात वर नसताना आलेली उडी, पहिल्या दिवसांतली ती एक सोडली तर, एकही नाही.

मी म्हटलं, "ते फुकटचे हात नका दाखवू सरांना. उड्या तेवढ्या दाखवा."

"कापायचे तेवढे दोरे त्यांनी कापले," त्या म्हणाल्या. "मी नाही कापणार."

सरांकडे मीही गेले, कारण खाकी कागद माझ्या अक्षरात होता आणि माझं अक्षर मलाच लागतं. सर पन्नाशीचे, सभ्य, बाईंना आधी बसायला खुर्ची देणारे. सगळं ऐकून घेतलं. कागद उलटासुलटा करून बघितला.

"बाई, तुमच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण हा बोर्ड तुमचा, जोड तुमचे आणि कानही तुमचेच. तुमच्या कानानं ऐकलेलं मी शोधनिबंधात कसं लिहू?"

"लिहू नका. तुमचा नवा बोर्ड आलाय ना? मशीननं जोडलेला? तो उघडा. त्याच्यावर माझा हात लागलेला नाही. तुमच्या हातानं लावा, मी त्याला शिवणारही नाही. नुसती कानांत घालून बसते. तो पुसायचा प्रोग्रॅम तेवढा बंद ठेवा."

सरांनी चष्मा काढला. "आणि उडी आली नाही तर?"

"तर सोमवारी भांडारात स्क्रू मोजायला बसते. पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

सरांनी दोन दिवस दिले. गुरुवार आणि शुक्रवार, दहा ते साडेपाच. साडेपाचला इमारतीचं मुख्य बटण खाली जातं आणि सगळं बंद होतं, हा तिथला नियम. मी हिशेब केला होता. आमच्या टेबलावर सात उड्या बारा दिवसांत आल्या. म्हणजे दोन दिवसांत एक, तीही नशिबानं. मी हे जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला मोजता येतं."

खोली लांबट होती, दोन्ही बाजूंना टेबलं, निळसर रंगाच्या भिंती आणि नीट न लागणारी एक खिडकी. सरांनी खोका फोडला, बोर्ड लावला, दोन पेशींच्या दोन रेघा वर आणि त्यांची बेरीज खाली अशा तीन रेघा पडद्यावर सोडल्या. नव्या बोर्डचे जोड खरंच देखणे होते, एकासारखा एक. जाऊबाईंनी ते भिंगातून बघितले आणि प्रामाणिकपणे म्हणाल्या, "छान आहेत हो." मग इयरफोन घातले आणि बसल्या.

गुरुवारी नऊ वेळा हात वर झाला. नऊही वेळा सर पडद्याकडे बघायचे, रेघा जवळ यायच्या, फाकायच्या. पहिल्या तीन वेळा सर खुर्ची ओढून पुढं आले. चौथ्यापासून जागेवरूनच मान वळवू लागले. सातव्या वेळी तर त्यांनी वाचता वाचता नुसतं "हं" केलं, आणि मला त्या माणसाचा असा संताप आला की कात्री जवळ नव्हती ते बरं झालं. साडेपाचला बटण खाली गेलं. सर मऊ आवाजात म्हणाले, "बाई, उद्या नाही आलात तरी चालेल. मी समजून घेईन."

"उद्या दहाला," जाऊबाई म्हणाल्या.

घरी जाताना बसला गर्दी होती म्हणून आम्ही चालत निघालो. ती गोष्ट मला पत्र आलं त्या दिवसापासून डाचत होती. पुलावर मी म्हटलं, "मी तुम्हाला वयावरून बोलले. ते माझं चुकलं."

"चुकलंच होतं," त्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या. थोड्या वेळानं माझ्या हातातली जड पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

शुक्रवारी सकाळी तीन हात. दुपारी दोन. सरांची मीटिंग होती, ते गेले आणि चारला परत आले. पावणेपाचला आणखी एक हात, आणि काही नाही. मी खाकी कागदावर शून्य मांडलं. जाऊबाईंचं तोंड उतरलंय का म्हणून बघितलं, तर त्या डोळे मिटून बसलेल्या, पाठ ताठ, हात मांडीवर, काल दहा वाजता बसल्या होत्या अगदी तशाच. पाच वाजले. पाच दहा झाले. सर फायली आवरायला लागले. माझ्या मनात आता वेगळाच विचार, की सोमवारी यांना भांडाराच्या दारापर्यंत सोडायला मी जायचं की नाही.

पाच एकवीसला हात वर झाला.

सर बॅगेची चेन लावत होते. सवयीनं मान वळवली. वरच्या दोन रेघा एकमेकींकडे सरकत होत्या. मी दोन दिवसांत हे पंधरा वेळा बघितलं होतं. जवळ, आणखी जवळ. आता फाकतील, म्हटलं. फाकल्या नाहीत. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या, मला तर एकच दिसू लागली. जाऊबाईंचा हात तसाच वर. आणि खालची रेघ उडाली.

सर उठून उभे राहिले. आणि मग काय झालं ते मी कधी विसरणार नाही. त्यांचा हात आपोआप बोर्डच्या बटणाकडे गेला. अकरा महिन्यांची सवय. उडी आली की बंद.

"हात लावू नका!" जाऊबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या की मी दचकले. "परत येते बघा. येऊ द्या तिला."

सरांचा हात हवेतच थांबला. रेघ खाली आली, जरा धडपडली, मग दोघी पुन्हा एकमेकींना चुकवत चालू लागल्या. मशीननं केलेले, एकासारखे एक जोड. कुणाचा हात न लागलेले.

सर हळूच खुर्चीत बसले. मग त्यांनी माझा खाकी कागद मागून घेतला आणि या वेळी सावकाश वाचला, शून्यांसकट.

"ज्यासाठी मी हे सगळं मांडलं," ते म्हणाले, "ते हेच होतं. चांगला चाललेला मेंदू क्वचित कधीतरी एकदम का उसळतो, आणि त्याआधी काही खूण मिळते का. एखाद्याला फिट येते त्याआधी. अकरा महिने उडी आली की मी बोर्ड बंद करत होतो, आणि कॉम्प्युटर पुसत होता." ते माझ्याकडे बघून हसले, पण ते काही हसू नव्हतं. "मीच सांगितलं होतं त्याला पुसायला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे माझ्या जिभेवर आलं होतं. जाऊबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गिळलं.

साडेपाचला बटण खाली गेलं. पडदे काळे झाले, पंख्यांचा आवाज थांबला, पण खिडकीतून भरपूर उजेड होता. सर खिडकीपाशी गेले, संस्थेचं नाव छापलेला कागद घेतला आणि उभ्याउभ्या कट्ट्यावर हातानं लिहायला लागले. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. गेल्या अकरा महिन्यांत नोंदवलेल्या एकोणीसही उड्यांना जोडकाम कारणीभूत नव्हतं. जोडकामावर ठेवलेला दोष मी मागे घेत आहे. आणि खाली दुसरी ओळ: यंत्रशाळा चालू ठेवावी, अशी माझी शिफारस आहे.

मला रडू येत होतं. मी पदर शोधत होते आणि हातात आला खाकी कागद.

"अठरा," जाऊबाई म्हणाल्या.

"काय?" सर म्हणाले.

"अठरा लिहा. तिसऱ्या वेळी जोड कच्चाच होता. माझा. भिंगातून तारेभोवती बारीक चीर दिसली, आणि पेन्सिल लावली तर बोलला. बाकी अठरा वेळा एकही बोलला नाही. वहीत लिहिलेलं आहे, बघा." त्यांनी पर्समधून वही काढून पुढं केली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला त्यांनी हे घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मी मागून त्यांची बाही ओढली. बारा दिवस खुर्चीत, दोन दिवस इथं, माझे चाळीस कोट, सगळं हाताशी आलेलं, शाई ओली, आणि बाई स्वतःच्या तोंडानं स्वतःचा जोड उसवतात! त्यांनी माझा हात बाजूला केला.

सरांनी पेन खाली ठेवलं. वही उघडून बघितलीसुद्धा नाही. "बाई, हे तुम्ही बोलला नसतात तर मला कधीच कळलं नसतं."

"मला ठाऊक होतं ना," जाऊबाई म्हणाल्या. "मी केलेला जोड होता तो. अठरा लिहा."

सरांनी एकोणीसवर काट मारली, वर अठरा लिहिलं, शेजारी सही केली. खालची ओळ होती तशीच ठेवली, आणि कागद दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला.